‘एवढं साधं जमत नाही का?’ असं लिहिण्यापूर्वी

गेम खेळणाऱ्याने गेमवर बोलू नये, बोलायचंच असेल तर आधी स्वतः एक बनवून दाखवावा, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. ज्याने पैसे मोजले, साठ-सत्तर तास घातले, तो काय आवडलं नाही हे सांगणारच. पण त्याच दमात ‘सर्व्हर वाढवा की’, ‘एक ऑप्शन टाकायला पाच मिनिटं लागतात’, ‘टेस्टिंग केलेलंच नाही’, ‘आळशी डेव्हलपर’ ही वाक्यं येतात, तेव्हा विषय बदललेला असतो. आधी तो स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलत होता. आता तो दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलतोय, आणि तेही उंटावरून शेळ्या हाकत.

टीका मवाळ कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. टीका धारदारच असू द्या. पण ज्यांनी दहा-पंधरा वर्षं हेच काम केलंय त्यांना ‘याला काही कळत नाही, पुढे चला’ म्हणून ती बाजूला सारण्याची सोय राहू नये. खेळताना काय झालं हे तुम्हाला डेव्हलपरपेक्षा जास्त ठाऊक असतं. ते तसं का झालं आणि बदलायला काय पडेल, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. हे दोन दावे एकाच वाक्यात कोंबले की दोन्ही लंगडे पडतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या ते वेगळे ठेवण्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी फक्त घडलेलं लिहा

समजा, तुम्ही लिहिलंत: ‘पॅरी (वार ऐनवेळी अडवणं) भंगार आहे, हिटबॉक्स (वार लागतो तो अदृश्य भाग) चुकलेत.’ यातलं ‘भंगार’ हे मत झालं आणि ‘हिटबॉक्स चुकलेत’ हे निदान. नेमकं काय झालं, ते कुठेच नाही. वार चुकीचा लागण्यामागे हिटबॉक्स असू शकतो, नेटवर्कचा उशीर असू शकतो, टीव्हीचा गेम मोड बंद असू शकतो, वायरलेस कंट्रोलरही असू शकतो. शिवाय दिसणारा वार आणि इजा करणारा वार यांची वेळ न जुळणं, हेही कारण असू शकतं. तलवार फिरताना दिसते ते ॲनिमेशन. त्यातल्या ठरावीक फ्रेममध्येच ती ‘लागू’ शकते, आणि ती खिडकी डिझायनर वेगळी ठरवतो.

आता हे वाचा: ‘दुसऱ्या बॉसच्या (टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूच्या) सलग तीन वारांपैकी तिसऱ्याला मी ढाल उचलतो. ढाल वर आलेली दिसते, तरीही वार लागतो. पहिल्या दोन वारांना असं होत नाही. पीसी, आवृत्ती १.०४, ६० फ्रेम, कंट्रोलर ब्लूटूथवर. वायर लावूनही तेच.’

यात एकही शिवी नाही, एकही तांत्रिक दावा नाही. तरी डेव्हलपरच्या दृष्टीने हे पहिल्या वाक्यापेक्षा कितीतरी जड आहे, कारण ‘फक्त तिसरा वार’ एवढ्यावरूनच त्याचा शोध एका ॲनिमेशनपर्यंत येऊन थांबतो. आवृत्ती, मशीन, मोड, काय करून पाहिलं आणि दर वेळी घडतं की कधी कधी, एवढं लिहा. कधी कधी घडत असेल तर तसंच लिहा, ‘नेहमीच’ म्हणू नका.

भावनेलाही हाच नियम. ‘मधला भाग रटाळ आहे’ यापेक्षा ‘एकाच गुहेतून तिसऱ्यांदा परत चालत यावं लागलं, तेव्हा मी गेम बंद केला’ हे वाक्य जास्त बोचतं. आणि त्याला कोणी खोडू शकत नाही. तुम्ही कंटाळलात की नाही, यावर वीस वर्षांच्या अनुभवाचा डिझायनरही तुमच्याशी वाद घालू शकत नाही.

पायरी २: निर्णय कोणाचा, ते शोधा

गेम ‘डेव्हलपर’ बनवतात हे बोलण्यापुरतं ठीक आहे. प्रत्यक्षात लढाईचं गणित डिझायनर मांडतो, ते चालवणारा कोड प्रोग्रामर लिहितो, वेळापत्रक प्रोड्यूसरच्या हातात असतं. गेम कधी बाजारात येणार, किती किमतीला, कोणतं ऑनलाइन खातं सक्तीचं असणार, हे बहुतेक वेळा पब्लिशर (गेम बाजारात आणणारी कंपनी) किंवा स्टुडिओचं व्यवस्थापन ठरवतं. आणि कंपनीच्या वतीने खेळाडूंशी बोलणारा, तुम्हाला उत्तर देणारा कम्युनिटी मॅनेजर यातलं जवळपास काहीच ठरवत नाही. सगळ्यात जास्त शिव्या मात्र तोच खातो.

मे २०२४ मधलं ‘हेलडायव्हर्स २’चं प्रकरण आठवा. पीसीवर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडावं लागेल, असं जाहीर झालं. ते खातं अनेक देशांत अधिकृतपणे उघडताच येत नव्हतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक रिव्ह्यूंचा पूर आला आणि काही दिवसांतच गेमची पब्लिशर सोनीने माघार घेतली. खेळाडूंचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण ते रिव्ह्यू ज्या गेमवर पडले, तो ॲरोहेड या स्टुडिओने बनवलेला होता आणि त्यातल्या गोळीबाराचा, मोहिमांचा, किड्यांसारख्या शत्रूंचा या सक्तीशी काही संबंध नव्हता. अर्थात स्टुडिओ अगदी नामानिराळा होता असंही नाही; सक्ती येणार हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, असं त्याच्या प्रमुखाने जाहीरपणे मान्य केलं. म्हणजे ‘डेव्हलपर बिचारे, पब्लिशर राक्षस’ ही वाटणीही आंधळेपणाने करू नका.

निर्णय कोणाचा हे कळत नसेल तर कर्त्याशिवाय लिहा: ‘ही सक्ती नको.’ मराठीत असं वाक्य सहज बसतं, त्याचा फायदा घ्या.

पायरी ३: ‘साधा’ हा शब्द काढून टाका

हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालायचा, तर एका फ्रेमला साधारण १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण वाचायचं, शत्रूंनी काय करायचं ते ठरवायचं, टक्कर मोजायची, आवाज मिसळायचा, चित्र काढायचं. ‘अजून चार शत्रू वाढवले असते तर काय बिघडलं असतं’ याचं उत्तर या हिशेबात असतं. कुणाच्या कंजूषपणाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

दुसरं उदाहरण ‘बाल्डर्स गेट ३’चं. पीसी आणि प्लेस्टेशन ५ वर तो २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आला. एक्सबॉक्सवर डिसेंबर उजाडला. अडलं होतं ते एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याच्या सोयीवर. दोघं नकाशाच्या दोन टोकांना गेले की दोन्हीकडचं जग एकाच वेळी मेमरीत ठेवावं लागतं. एक्सबॉक्स सीरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी आहे, सीरीज एसमध्ये १०. शेवटी सीरीज एसवर ती सोय वगळून गेम काढला गेला, आणि ती तिथे पोचायला २०२५ उजाडलं. ‘पीसीवर आहे, प्लेस्टेशनवर आहे, मग इथे का नाही’ हा प्रश्न रास्तच होता. ‘मुद्दाम देत नाहीत’ हा निष्कर्ष रास्त नव्हता.

फायटिंग गेममधल्या रोलबॅकची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते, कारण ती दोन्ही बाजूंनी कापते. दूरच्या दोन खेळाडूंमध्ये बटणांची माहिती पोचायला वेळ लागतो. जुनी पद्धत अशी, की माहिती येईपर्यंत दोघांचीही बटणं थोडी उशिरा लागू करायची. रोलबॅकमध्ये गेम समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून पुढे जातो. अंदाज चुकला तर मागच्या स्थितीत परततो आणि मधल्या सगळ्या फ्रेम पुन्हा चालवून वर्तमानात येतो, हे सगळं त्याच एका फ्रेमच्या वेळात. ‘मॉर्टल कॉम्बॅट एक्स’मध्ये हा बदल गेम बाजारात आल्यानंतर बसवला गेला. त्यावर २०१८ च्या जीडीसी या गेम डेव्हलपरांच्या परिषदेत टीमने जे व्याख्यान दिलं त्याच्या नावातच होतं ‘१६ मिलिसेकंदांत ८ फ्रेम’. चालू गेम हा असा उलगडायचा म्हणजे प्रत्येक ठिणगी, प्रत्येक आवाज, प्रत्येक यादृच्छिक आकडा मागे नेता येईल असा करावा लागतो. मेनूमध्ये एक टिकमार्क वाढवण्याचं हे काम नाही.

म्हणून मसुदा झाला की त्यातले ‘फक्त’, ‘साधं’, ‘नुसतं’, ‘पाच मिनिटांचं काम’ हे शब्द शोधा आणि खोडा. मागणी तशीच राहते: ‘ऑनलाइन सामन्यांत रोलबॅक हवं.’ किती कष्ट पडतील याचा अंदाज तेवढा निघून जातो, आणि तो तसाही तुमच्याकडे नव्हता.

पायरी ४: बग (गेममधली चूक) दिसला, म्हणजे टेस्टरला दिसला नव्हता असं समजू नका

हे थोडक्यात. मोठ्या गेमच्या बग-यादीत बाजारात जाण्याच्या दिवशीही शेकडो नोंदी उघड्या असतात. कोणता बग सेव्ह फाइल खातो, कोणता नुसता विचित्र दिसतो, कोणता दुरुस्त करायला गेलं तर आणखी तीन जागी मोडतोड होईल, अशी चाळणी लावून काही दुरुस्त होतात आणि काही जाणूनबुजून सोडले जातात. कन्सोलवर यात सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांची आपापली तपासणी असते. ती मुख्यतः गेम मशीनवर नियमाप्रमाणे वागतो का हे बघते: कंट्रोलर निघाला तर काय होतं, सेव्ह करताना काय दिसतं, वगैरे. गेम चांगला आहे का, हे ती तपासत नाही.

त्यामुळे ‘टेस्टिंग केलंच नाही’ हे वाक्य बहुतेकदा खोटं असतं. ते ज्याला लागतं तो टेस्टर स्टुडिओतल्या कमी पगाराच्या माणसांपैकी असतो आणि त्याने तो बग कदाचित चारदा नोंदवलेला असतो. त्याऐवजी ‘हा बग असताना गेम विकायला नको होता’ असं लिहा. बाण मग बरोबर माणसाकडे जातो.

पायरी ५: उपाय सुचवा, पण तक्रारीपासून वेगळा

डेव्हलपर मंडळींत एक जुनं निरीक्षण आहे: कुठे दुखतंय हे खेळाडू बरोबर सांगतात, औषध मात्र चुकीचं सुचवतात. हे ऐकायला उद्धट वाटतं, पण उदाहरणं बघितली की पटतं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला. त्याआधीच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणी-आवृत्तीत, खूप वेळ सलग खेळलं की मिळणारे अनुभव-गुण निम्मे व्हायचे. लोक वैतागले, शिक्षा काढा म्हणाले. ब्लिझार्डने आकडे जवळपास तसेच ठेवले आणि मांडणी उलटी केली. विश्रांती घेऊन आलेल्याला दुप्पट, म्हणजे २०० टक्के, आणि ती संपली की ‘नेहमीचे’ १०० टक्के. तक्रार शमली. खेळाडूंना दुखत होतं हे खरं, आणि शिक्षा काढणं हा उपाय लागला नाही, हेही खरं.

‘सिव्हिलायझेशन’ या गेमचे जनक सिड मायर यांनी २०१० च्या जीडीसीत असाच किस्सा सांगितला होता. तीनास एक अशी बाजू वरचढ असताना लढाई हरली की खेळाडू चिडत, जरी गणिताने चारांत एकदा हरणं बरोबर होतं. शेवटी टीमने गणित खेळाडूच्या भावनेकडे झुकवलं. ‘तुमचं रँडम तुटलंय’ हे निदान चूक होतं; ‘मला फसवल्यासारखं वाटलं’ ही तक्रार बरोबर होती, आणि ऐकली गेली ती तक्रारच.

पहिल्या ‘मास इफेक्ट’मधल्या कूर्मगती लिफ्टचंही तसंच. त्या लिफ्टच्या आड पुढचा भाग लोड होत असे, त्यामुळे ‘लिफ्टचा वेग वाढवा’ या सूचनेला अर्थच नव्हता. ‘दोन मिनिटांचं काम करायला इतका वेळ डब्यात उभं राहावं लागतं’ या तक्रारीला होता. पुढच्या भागात लिफ्ट गेल्या आणि त्यांच्या जागी सरळ लोडिंगचा पडदा आला.

तेव्हा लिहिण्याचा क्रम असा ठेवा: काय झालं, त्याने काय वाटलं, आणि अगदी शेवटी, जमल्यास वेगळ्या परिच्छेदात, ‘माझ्या डोक्यात आलेला एक मार्ग’. मार्ग नाकारला गेला तरी तक्रार उभी राहते. दोन्ही एकत्र बांधले तर मार्गाबरोबर तक्रारही केराच्या टोपलीत जाते.

पायरी ६: पुरावा हातात असेल तर मागे हटू नका

इथवर वाचून कुणाला वाटेल की शेवटी व्यावसायिकांचंच खरं. तसं नाही. फायटिंग गेमवाले खेळाडू वर्षानुवर्षं सांगत होते की उशिराची पद्धत खेळाचा जीव घेते. मोठे स्टुडिओ ते मनावर घेत नव्हते. जीजीपीओ हे रोलबॅकचं तंत्र घडवणारे टोनी कॅनन स्वतः या खेळाच्या मंडळींतले, इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक. २००६ च्या सुमारास ‘स्ट्रीट फायटर’च्या एका ऑनलाइन आवृत्तीने निराश केल्यावर त्यांनी हे हाती घेतलं. आज चांगल्या फायटिंग गेममध्ये रोलबॅक नसेल तर तीच बातमी होते. इथे अनुभवी माणसं चुकली होती.

त्याहून नेमकं उदाहरण ‘जीटीए ऑनलाइन’चं. पीसीवर तो सुरू व्हायला कित्येकांना पाच-सहा मिनिटं लागत, वर्षानुवर्षं. सर्व्हरपासून कन्सोलच्या जुन्या कोडपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत बाहेरच्या एका प्रोग्रामरने गेमचा सोर्स कोड नसताना प्रोसेसर नेमका कशात अडकतो ते मोजलं. दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची एक यादी होती. ती वाचताना प्रत्येक पायरीला उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती, आणि प्रत्येक वस्तू आधी येऊन गेली का हे सगळी यादी चाळून बघितलं जात होतं. त्याने दोन्ही ठिकाणी स्वतः दुरुस्ती लावून दाखवली. वेळ जवळजवळ ७० टक्के घटला. पुढच्याच महिन्यात गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने ही दुरुस्ती अधिकृत अपडेटमध्ये आणली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं.

त्याच्या लिखाणात काय होतं ते बघा: मोजमाप, कुठे वेळ जातो त्याची जागा, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे. एवढं असेल तर ‘हे एका माणसाचं एका दिवसाचं काम आहे’ असंही बिनधास्त लिहा. नसेल तर पहिल्या पायरीवर परत.

पायरी ७: हेतूवर उडी मारू नका, पण पैशाच्या प्रश्नात लाजू नका

२०१८ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ येण्याआधी लोकांनी जुना व्हिडिओ आणि नवं चित्र शेजारी ठेवलं. एका प्रसंगातली पाण्याची डबकी कमी झाली होती. ‘ग्राफिक्स उतरवले, फसवणूक’ अशी हाकाटी झाली. गेम बनवणाऱ्या इन्सोम्निॲकने सांगितलं, डबक्यांचा आकार बदललाय, बाकी काही उतरवलेलं नाही. पुढे त्यांनी फोटो मोडमध्ये डबक्यांचे स्टिकरच देऊन टाकले. (इतक्या सभ्यपणे काढलेला चिमटा क्वचितच बघायला मिळतो.) ‘आधी इथे जास्त पाणी होतं, मला ते आवडलं होतं’ हे निरीक्षण खरंच होतं. ‘फसवणूक’ ही त्याला चिकटवलेली कथा होती.

पण काही बाबतींत व्यावसायिक अनुभवाचा मुद्दाच गैरलागू असतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४ वर इतका मोडका निघाला, की सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. जुन्या मशीनवर तेवढं मोठं शहर चालवणं किती कठीण, हे समजून घेणं उत्तम. पण ग्राहकाला ते समजून घेण्याची सक्ती नाही. त्याला ती चालणारी वस्तू म्हणून विकली होती. २०१७ च्या ‘बॅटलफ्रंट २’मध्ये पैसे देऊन नशीब आजमावण्याच्या पेट्या होत्या, तेव्हाही ‘गेमची अर्थव्यवस्था गुंतागुंतीची असते’ हे उत्तर चाललं नाही आणि बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी खरेदी बंद करावी लागली. अशा वेळी किंमत, परतावा, जाहिरातीतला दावा यांवर बोट ठेवा. त्यासाठी कोड कळावा लागत नाही.

पायरी ८: त्या क्षेत्रातलं कोणी उत्तर दिलं तर

आधी तो माणूस कशातला आहे ते बघा. ॲनिमेटरचं नेटवर्कवरचं मत हे जाणकाराचं असेल, तज्ज्ञाचं नसतं. चार जणांच्या टीममध्ये काम केलेल्याला हजार जणांच्या स्टुडिओतल्या मंजुऱ्यांची कल्पना असेलच असं नाही, आणि उलटही. दुसरं, त्याच गेमवर काम केलेला माणूस गोपनीयतेच्या करारामुळे खरं कारण सांगू शकत नसतो. त्याचं मोघम उत्तर म्हणजे लपवाछपवीच, असं धरून चालू नका.

मग वाद घालण्याऐवजी विचारा. ‘यात सगळ्यात महाग काय पडतं?’ हा एक प्रश्न मी सुचवीन. ‘अशक्य आहे का?’ विचारलंत तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच मिळतं. ‘महाग काय’ विचारलंत तर आतली रचना उघडते. आणि ‘आम्हाला अनुभव आहे, विश्वास ठेवा’ एवढंच उत्तर आलं तर ते कारण नव्हे, हे नम्रपणे सांगा. ज्याला खरंच अनुभव आहे त्याला दोन वाक्यांत कारण देता येतं.

त्याच्या व्यक्तिगत खात्यावर मात्र जाऊ नका. रागात असाल तेव्हा तर नकोच. मजकूर रात्रभर ठेवा, सकाळी ‘फक्त’ आणि ‘आळशी’ पुन्हा एकदा शोधा, मग टाका.

टाकल्यावर तारीख आणि आवृत्ती वर ठळक ठेवा. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये काय होता आणि नंतरच्या फुकट अपडेटांनी काय झाला, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तारीख नसलेली तेव्हाची टीका आज वाचणाऱ्याची दिशाभूल करते. तुम्ही नोंदवलेली गोष्ट पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) सुधारली तर त्याच मजकुरावर एक ओळ वाढवा: ‘आवृत्ती १.०६ मध्ये तिसरा वार आता अडतो, तपासलं.’ सुधारली नसेल, तर तेही आवृत्तीच्या आकड्यासह लिहा.